भटकंतीला सेवेचे नाव कशाला?

उंबरठा

एका तेवीस वर्षांच्या प्रवाशाचा लेख गेल्या आठवड्यात अनेकांनी कौतुकाने एकमेकांना पाठवला. मलाही तो चार जणांकडून आला, आणि चौथ्यांदा आल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवेना. लेखाचा आशय असा: पायाला भिंगरी लागलेल्या माणसाचे घर ही जागा नसते, ती मनाची अवस्था असते, कंबोडियातल्या एका अनाथालयात तीन आठवडे इंग्रजी शिकवताना लेखकाला त्याचे 'खरे घर' सापडले, आणि निरोपाच्या वेळी मुले रडली, तेव्हा आपण जगाचे थोडे ऋण फेडले असे त्याला वाटले.

मुले का रडली, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. दर तीन आठवड्यांनी एक नवा चेहरा येतो, कडेवर घेतो, लळा लावतो आणि विमान पकडतो. अशा मुलांनी रडायचे नाही तर काय करायचे? कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथालयांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. त्या वर्षांत तिथे युद्ध नव्हते. वाढले होते ते पाहुणे आणि देणग्या. शिवाय तिथल्या दर चार मुलांमागे साधारण तिघांची आई किंवा वडील हयात होते. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेने होणाऱ्या हानीची दखल घेतली. एवढे सगळे उघड असताना कोणी तीन आठवड्यांच्या मुक्कामाला ऋणफेड म्हणू लागला, तर मला चीड येते.

फिरण्याला माझी हरकत नाही. उमेदीच्या वयात पाठीवर पिशवी टाकून मीही वर्षभर हिंडलो आहे. पण मी हिंडायला गेलो होतो, आणि परत आल्यावर हिंडून आलो असेच सांगितले.

भटकभवानी

उंबरठा, अनाथालयांबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तेवढ्यावर थांबला असतात, तर मी लिहिलेही नसते. परंतु एका वाईट प्रकाराचा दाखला देऊन परदेशात जाऊन राबणाऱ्या सगळ्यांनाच त्या माळेत ओवायचे, हा कुठला न्याय? पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने 1920 साली स्वयंसेवकांचे आपले पहिले शिबिर भरवले ते फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या खेड्यात, आणि कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतली माणसे तिथे मिळून घरे उभारत होती. हाच माणूस 1934च्या भूकंपानंतर गावे पुन्हा वसवायला बिहारमध्ये आला. तोही हिंडायलाच आला होता का?

मी स्वतः बाविसाव्या वर्षी दुसऱ्या देशातल्या एका डोंगराळ गावच्या शाळेत पाच आठवडे शिकवले आहे. (साधी शाळा होती, अनाथालय नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.) त्या पाच आठवड्यांनी माझा अहंकार जेवढा उतरवला, तेवढा आमच्या महाविद्यालयाला तीन वर्षांत उतरवता आला नव्हता. आणखी एक. 'आधी आपल्या दारातले बघा' हा उपदेश करणाऱ्यांपैकी दारातले प्रत्यक्ष बघणारे किती असतात? माझ्या पाहण्यातले बहुतेक जण दार लावून घेतात.

उंबरठा

दारातल्याचा उपदेश मी केलेला नाही, तेव्हा ते दार माझ्यावर आपटू नका.

सेरेसोल इंजिनियर होता, एवढे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. घर कसे उभे राहते हे त्याला ठाऊक होते, आणि बिहारमध्ये तो एक फेरी मारून गेला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला. व्हर्दूनजवळचे ते पहिले शिबिर तर काही महिन्यांतच आवरावे लागले, कारण शिबिरात जर्मन माणसे असणे तिथल्या लोकांना सहन झाले नाही. ज्यांच्यासाठी राबायचे त्यांना आधी विचारावे, हा धडा शंभर वर्षांपूर्वी पहिल्याच झटक्यात मिळाला होता. पाच आठवड्यांत तुम्हाला काय मिळाले ते समजले. त्या मुलांना काय मिळाले?

पांढरी चप्पल

मी परिचारिका आहे आणि एका गरीब देशातल्या दवाखान्यात अकरा महिने काम केले आहे, म्हणून मुदतीबद्दल लिहिते. पहिले तीन महिने माझा कोणाला काडीचा उपयोग नव्हता. औषधे कुठल्या कपाटात असतात आणि रात्री कोणाला उठवायचे, एवढे कळायलाच तो वेळ गेला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही वैद्यकीय मदत संस्था शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ असे काही जण सोडून बाकीच्यांना पहिल्या नेमणुकीसाठी साधारण नऊ ते बारा महिने मागते, आणि 'पीस कोअर' या अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक योजनेची मुदत प्रशिक्षण धरून 27 महिन्यांची असते, त्यामागे हेच कारण आहे. थायलंडसारख्या देशात तर बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागते, आणि ही स्वयंसेवक मुले पर्यटक व्हिसावर बिनदिक्कत वर्ग घेत असतात.

पण माझे खरे दुखणे वेगळे आहे. आमच्याकडे दोन आठवड्यांसाठी आलेला एक वैद्यकीय विद्यार्थी रुग्णाच्या पायाला टाके घालायला मागत होता. त्याच्या देशात त्याला सुईला हात लावू दिला नसता. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला की 'इथे तसेही कोणी नाही'. तिथे मी होते, आणि मुख्य म्हणजे ज्याचा पाय होता तो माणूस होता. परोपकाराच्या गप्पा ऐकल्या की मला तो पाय आठवतो.

निमूट

विषय थोडा बाजूला नेते, त्याबद्दल क्षमा असावी. पण मूळ लेखातले 'घर ही मनाची अवस्था' हे वाक्य इथे कोणालाच खटकलेले दिसत नाही, आणि मला तेच सर्वांत जास्त लागले.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षे बाहेर आहे. त्यातली सलग दोन वर्षे तो एका किनाऱ्यावर समुद्रकासवांची अंडी राखत होता. कासवांशी माझे वैर नाही. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आईला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे त्याला तिचे कपाळ आणि छताचा पंखा दिसतो, आणि तेवढ्यावरून 'आई छान दिसते आहे' असे तो सांगतो. तिच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी शनिवारी रात्री मी भरते. गुरुवारचा कप्पा शुक्रवारी तसाच भरलेला सापडला, तर आता काय करायचे, हे ठरवणारे माणूस त्या खोलीत असावे लागते. मनाच्या अवस्थेला डबीचे झाकण उघडता येत नाही.

1688 साली बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परमुलखातल्या स्विस लोकांच्या घरओढीवर प्रबंध लिहिला आणि त्या ओढीला आजार ठरवले. आता उलटे झाले आहे. घरी राहणारालाच लोक विचारतात, 'तुला कधी बाहेर पडावेसे वाटत नाही का?'

कुंपणावरचा

निमूटताई, आपल्या कष्टांबद्दल आदर आहे. पण घरी राहणे हा आपला निर्णय होता. त्याची वसुली भावाकडून, आणि आता त्या बिचाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाकडून कशासाठी? प्रत्येक भटक्याच्या मागे एक हुतात्मा बहीण उभी केली, तर चर्चाच खुंटते.

उंबरठा यांनीही नवीन काही सांगितलेले नाही. इव्हान इलिच या विचारवंताने 1968 साली मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर हेच सुनावले होते की बघायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. गंमत अशी की हे सांगणारा स्वतः व्हिएन्नात जन्मलेला आणि मेक्सिकोत मुक्काम ठोकलेला परका होता.

निमूट

निर्णय? वडिलांच्या दिवसकार्यानंतर दोन बॅगा दारात होत्या, एक त्याची आणि एक माझी. त्याचे विमान सकाळचे होते, माझी गाडी दुपारची. सकाळी तो गेला, आणि दुपारी आईला एकटे सोडणे मला शक्य नव्हते. जो आधी निघाला त्याने निर्णय घेतला. उरलेल्याच्या वाट्याला जे येते त्याला 'निर्णय' हा शब्द तुम्ही कुंपणावर बसून खुशाल वापरा. आणि 'हुतात्मा' हा शब्द मागे घ्या.

कुंपणावरचा

शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

पांढरी चप्पल

मुद्दा मागे घेऊ नका, पण एकदा कोणाची तरी गोळ्यांची डबी महिनाभर भरून बघा. स्वयंसेवेचा अनुभव म्हणून नोंदही करता येईल.

भटकभवानी

निमूटताईंना उत्तर देण्याची माझी पात्रता नाही, कारण माझ्या घरीही एक मोठा भाऊ होता आणि मी कधी विचारले नाही. ते बाजूला राहू द्या.

मुलांना काय मिळाले, हे उंबरठा यांनी विचारले होते. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मी फळ्यावर रंगांची इंग्रजी नावे लिहायला घेतली. तीन लिहून झाली, तेवढ्यात पुढच्या बाकावरची आठेक वर्षांची मुलगी उठली, माझ्या हातातला खडूचा तुकडा तिने घेतला आणि उरलेली सात नावे बिनचूक लिहून काढली. मग माझ्याकडे वळून तिने हातवाऱ्यांनी विचारले, आता गाणे ना? माझ्या आधी आलेल्या प्रत्येकाने रंगांपासूनच सुरुवात केली होती, आणि रंगांनंतर सगळ्यांनी तेच गाणे घेतले होते. त्या मुलांचे इंग्रजी वर्षानुवर्षे रंगांच्या पुढे सरकलेच नव्हते, कारण मागच्याने कुठवर आणले याची वही कोणी ठेवलीच नव्हती. मी ती वही सुरू केली. माझ्यानंतर ती कोणी चालवली की नाही, हे मला माहीत नाही, कारण मी परत गेले नाही.

तेव्हा उंबरठा, लावा तुमचा शिक्का. मी हिंडायला गेले होते. पण गेले नसते, तर हे मला कुठल्याही लेखातून कळले नसते, तुमच्याही नाही.

उंबरठा

वहीची कल्पना चांगली होती, हे मान्य करतो. पाच आठवड्यांतले तेवढे एक काम सेवेच्या खात्यात जमा करू, बाकीचे चौतीस दिवस पर्यटनाच्या. एक मात्र राहिले: मूळ लेखात मुलांची छायाचित्रे नावांसह आहेत, आणि तुम्ही या मुलीचे एवढे वर्णन करूनही नाव कुठे लिहिले नाही. विसरलात काय?

भटकभवानी

नाव पक्के आठवते. ते इथे लिहू का, हे तिला विचारलेले नाही, म्हणून लिहिले नाही.

उंबरठा

यावर मला बोलायला जागा नाही, आणि तसे लिहिताना हात जड झाला आहे. मूळ लेखकाबद्दल लिहिलेले एक अक्षरही मी मागे घेत नाही.

निमूट

ही सगळी चर्चा मी भावाला पाठवली. कासवांवरून तो चिडेल असे वाटले होते. त्याने एवढेच विचारले की गुरुवारचा कप्पा भरलेला सापडला तर काय करायचे, ते लिहून पाठव. 'पुढच्या महिन्यात पंधरा दिवस मी राहतो, तू कुठे जायचे तिथे जा,' असे पुढे लिहिले. डॉक्टरांना विचारून मी दोन पाने लिहून ठेवली आहेत. कुठे जायचे ते ठरवलेले नाही. तो येईल तेव्हा खरे.