अंडरग्राउंड क्लब म्युझिक ओळखायचं कशावरून?

दारव्हेकर
गावातल्या पोरांच्या मोबाइलवर हल्ली टेक्नोचे, म्हणजे मशीनवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचे, रील्स फिरतात. मिनिटाला १३० ठोके (बीपीएम) अन् काळे कपडे असले की झालं अंडरग्राउंड, असं त्यांना वाटते. मला पटत नाही. शिकागोच्या वेअरहाउस क्लबात १९७७ पासून डीजे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा. समोर मुख्यतः काळे अन् लॅटिनो समलिंगी तरुण. बाहेर त्यांना मोकळं नाचायची सोय नव्हती. १९७९ मध्ये त्याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्को नको म्हणणाऱ्यांनी डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या. हाऊस नावाचं क्लब संगीत त्यानंतर उभं राहिलं. हे संगीत कोणासाठी वाजते, त्यावरून ते अंडरग्राउंड ठरते. आवाज नंतर.

पुसदचा_पॅडवाला
आवाज नंतर कसा, भाऊ? रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बास वाजवणारं मशीन १९८१ मध्ये आलं, चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. जुनं स्वस्तात भेटलं म्हणून शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपवाल्यायनं त्याचे नॉब फिरवून फिरवून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' काढला. तो वळवळता, चिरका बास काढून घ्या. ॲसिड हाऊस, म्हणजे हाऊसचा हा प्रकार, उरते कुठं?

दारव्हेकर
मग मुंबईचं सांगा. वादक चरणजित सिंगांनी १९८२ मध्येच ३०३ अन् ठेक्याचं ८०८ मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. आवाज जवळपास तोच, ५ वर्षं आधी! पण त्यावर नाचणारी मंडळी नव्हती. रेकॉर्ड पडून राहिली.

पुसदचा_पॅडवाला
नाचणारे पाह्यजेत, हे कबूल. तसं पाहता आमची वरातीतली धुमालही अंडरग्राउंडच हाये. गाडीवर जनरेटर, कीबोर्ड, पॅड, ताशे. मी नाचणाऱ्याच्या पायाकडं पाहून ठेका बदलतो. पाय जड पडाले लागले का दोन फेऱ्या नुसते ताशे, मंग बास सोडतो. कोणत्या रेडिओवर ऐकू येते हे?

आर्वीची_ताई
दादा, तुमच्या हाताला तोड नाही, पण धुमाल त्यात बसत नाही. पैसे नवरदेवाचा बाप देतो, फर्माईश त्याच्या साडूची, गाणं सगळ्यांना पाठ. शिकागोत डीजे रॉन हार्डीनं 'ॲसिड ट्रॅक्स' पहिल्यांदा लावला तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. त्यानं त्याच रात्री तो परत परत लावला, अन् चौथ्या वेळेला पब्लिक वेडं झालं. वरातीत असं करून पाहा, गाडी तिथंच थांबवतील! दारव्हेकर, तुमच्याच कसोटीनं बोलते. ज्यांना बाहेर नाचू देत नाहीत त्यांच्यासाठी हे संगीत असेल, तर आमच्या गावच्या वरातीत आम्ही बायका आजही कडेनं चालतो.

पुसदचा_पॅडवाला
ताई, फर्माईशीचं खरं हाये. पण नवरदेव मांडवात गेल्यावर डिझेल उरलं असलं तर आम्ही गाण्याबिगर नुसता ठेका वाजवतो. त्याचे पैसे कोणी देत नाई. मले तर तेच खरं वाजवणं वाटते.

आर्वीची_ताई
तो ठेका मीही ऐकलाय, अन् तेवढ्यापुरतं तुमचं मान्य. पण त्या वेळेला नाचत कोण होतं, ते सांगा.