बिशपांनी सरकारकडे पैसे मागायचेच नाहीत का?

सायली_ह्यूस्टन: काल इथे एकाने लिहिलं की अमेरिकेतले कॅथलिक बिशप निर्वासितांच्या नावाखाली सरकारी डॉलर खातात, एवढी कणव असेल तर दानपेटी उघडा म्हणे. उपाध्यक्ष व्हान्स पण जानेवारी २०२५ मध्ये असंच बोलले होते. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितेय. निर्वासित कोण येणार ते सरकार ठरवतं, तपासणी सरकारची. चर्चच्या संस्था एअरपोर्टवर घ्यायला जायच्या, भाड्याचं घर बघायच्या, पोरांना शाळेत घालायच्या. सरकारी पैसा पुरायचा नाही, वरचा खर्च चर्च घालायचं. निर्वासितांना विमानाच्या तिकिटाचं कर्जसुद्धा फेडावं लागतं! एप्रिल २०२५ मध्ये तर बिशपांनी सरकारशी करारच संपवले, खायचं असतं तर सोडले असते का?

आणि आई-बापांशिवाय सीमेवर एकटी येणारी पोरं? २००८ चा कायदा आहे, बुशनी सही केलेला. होंडुरास, ग्वाटेमालाचं मूल एकटं सापडलं की साधारण ७२ तासांत आरोग्य खात्याकडे सोपवायचं. म्हणजे मूल सरकारच्या ताब्यात. मग खर्च कोणाकडे मागायचा? मी चर्चच्या बायकांबरोबर अशा पोरांच्या शेल्टरला कपडे द्यायला जाते. एका पोराच्या बुटाला नाड्या नव्हत्या, पकडल्यावर काढून घेतलेल्या. मी नवीन दिल्या तर खाली बसून एकेका भोकातून इतक्या सावकाश ओवत होता की मला बघवेना. ह्या वयाच्या पोराला कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क नाही.

एडिसनचा_अण्णा: करार स्वतःहून कुठे सोडले? सरकारने जानेवारीतच निर्वासितांना वसवायचा कार्यक्रम थांबवला, पैसे अडवले, मग सोडले. नीट सांगा. आणि माझं ऐका, मुलगी ४ वर्षांची असताना इथे आलो, आता २० ची आहे, २१ लागलं की तिचा एच-४, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसावर मिळालेला व्हिसा, संपला. २०१२ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, एक दिवस टॅक्स चुकवला नाही. तिच्यासाठी कुठला बिशप उभा राहिला?

पुणे_३०: अण्णा, तुमची रांग अडलीय ती एका देशाला दरवर्षी ७ टक्केच ग्रीन कार्डं, ह्या मर्यादेमुळे. निर्वासितांचा कोटाच वेगळा.

एडिसनचा_अण्णा: मला नका शिकवू! १३ वर्षं व्हिसा बुलेटिन, रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, वाचतोय. प्रश्न कोट्याचा नाही, सहानुभूती कोणाच्या वाट्याला येते त्याचा आहे. आजी गेली तेव्हा व्हिसाचं स्टँपिंग अडलं तर परत येता येणार नाही ह्या भीतीने मी गावी गेलो नाही, हे कोणाला सांगू?

सायली_ह्यूस्टन: करारांचं तुमचं बरोबर, मी अर्धवट लिहिलं. पण तुमच्या मुलीवर अन्याय होतोय म्हणून त्या पोराला कमी मिळावं, हे कसं?

वळिवडेकर: आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-पोरं. शाळा होत्या, चर्च होतं. आमची आजी त्यांना दूध घालायची. आपल्या माणसांनी असं विचारलं नाही की आमच्या पोरांचं काय.

एडिसनचा_अण्णा: खर्च कोणी दिला ते पण लिहा की! युद्धात लंडनला आसरा घेतलेल्या पोलिश सरकारने. त्यांचंच सरकार, त्यांचीच माणसं.

वळिवडेकर: मग पुढचं ऐका. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीचे सिंधी आले, त्यांची सोय सरकारनेच केली. आज ते गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिकडे जातो.

नाशिकचा_सॅम्युअल: मी स्वतः ख्रिस्ती आहे तरी विचारतो. मे २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांना वसवायला सांगितलं तर अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने जवळपास ४० वर्षांची सरकारी भागीदारी सोडली. परक्याला घरात घ्या असं शास्त्र सांगतं, त्यात रंग बघा असं कुठे आहे?

सायली_ह्यूस्टन: त्या चर्चचे लोक म्हणाले की छावण्यांत वर्षानुवर्षं थांबलेल्यांना डावलून ह्या आफ्रिकानरांना पुढे आणलं. त्यांचा राग मला कळतो. पण दारात आलेलं कुटुंब घ्यायला हवं होतं, इथे तुमचं मान्य. मात्र ह्यावरून पोरांचा खर्च बंद करा असं कोणी म्हणत असेल तर मी भांडणारच.

एडिसनचा_अण्णा: मी बंद करा म्हटलेलं नाही. पोरांना वकील द्यावा, तेवढं मान्य. बाकी नाही.

सायली_ह्यूस्टन: मुलीला २१ कधी लागतंय? एफ-१ चा, विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज टाकलाय का?

एडिसनचा_अण्णा: मार्चमध्ये. टाकलाय, उत्तर नाही अजून.