पालक डॉक्टर असले की सिस्टरने गप्प बसायचं का?

सिस्टर_जीएनएम
रत्नागिरीकडच्या एका निवासी शाळेत नऊ वर्षं सिस्टर आहे. साडेचारशे पोरं, दोन खाटांची खोली आणि मी. पोरांचा त्रास नाही हो. "मी डॉक्टर बोलतोय" असं म्हणून सुरू होणारा फोन आला की पोटात गोळा येतो.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. भातकापणीचे दिवस. शाळेमागच्या जांभ्याच्या गडग्यावर बसलेल्या सातवीतल्या पोराला विंचू चावला. लाल, बोटाएवढा. वडील मुंबईत डोळ्यांचे डॉक्टर. फोनवर पहिला प्रश्न, "खूप दुखतंय का?" म्हटलं, "तेवढं नाही." "मग बर्फ लावा, अँटीअ‍ॅलर्जीची एक गोळी द्या, रात्री बघू."

इकडे पोराचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हात थंडगार, दोन उलट्या झालेल्या, नाडी १४०. लाल विंचवात कळ कमी आणि घाम जास्त असेल तर ते वाईट. विष हृदयावर जातं, अँटीअ‍ॅलर्जीने काही होत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच पट्ट्यात प्राझोसिन हे औषध वापरून किती पोरं वाचवली, ते आम्हाला शिकताना सांगितलेलं (त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो!). १०८ ची वाट न बघता शाळेच्या जीपमध्ये घातलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. प्राझोसिन सुरू झालं, दोन रात्री ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोरगा मेसमध्ये जास्तीची पोळी मागत होता.

आणि वडिलांचा मुख्याध्यापकांना मेल: "सिस्टरने पालकांच्या वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निर्णय घेतला."

आता सांगा, फोनवरच्या डॉक्टरचं ऐकायचं की खाटेवरचं पोर बघायचं?

ओपीडीवाला
चिपळूणला प्रॅक्टिस, दोन मुलींचा बाप. सिस्टर, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. पण एका विंचवावरून सगळ्या डॉक्टर पालकांना फासावर चढवू नका.

मुलीच्या शाळेतून जूनमध्ये तीनदा फोन. "ताप आहे, घेऊन जा." किती? "अंग गरम लागतंय." थर्मामीटर लावला का? "सापडत नाहीये." बाहेर साठ पेशंट, त्यातले निम्मे भर पावसात लांबून आलेले. ओपीडी सोडून गेलो तर पोरगी व्हरांड्यात लंगडी खेळतेय. चौथ्या फोनला मी "बघू" म्हणालो तर मी वाईट बाप?

शिवाय कुठलं औषध द्यायचं हे ठरवणं डॉक्टरचं काम, सिस्टरचं नाही. आणि मेल केला म्हणून एवढं काय? बापाने विचारायचंच नाही का?

सिस्टर_जीएनएम
विचारा की. मला विचारा. मुख्याध्यापकांना मेल म्हणजे विचारणं नव्हे, ती तक्रार झाली.

औषधाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. गणपतीची सुट्टी संपली की मी ट्रंका तपासते. सगळ्यात जास्त अँटिबायोटिक निघतात डॉक्टरांच्याच पोरांच्या ट्रंकेत. चिठ्ठी नाही, काही नाही. "खोकला आला तर सुरू कर" असं पोराला सांगून ठेवलेलं. एकाने तर रूममधल्या चौघांना एकेक कॅप्सूल वाटली, लाडू वाटावा तशी. औषध ठरवणं डॉक्टरचं काम ना? मग ते नववीतल्या पोरावर कसं सोपवलं?

नाईटड्युटी
मी स्वतः स्टाफ नर्स, म्हणून लाज वाटते तरी लिहिते. मुलगा दुसरीत, वजन २० किलो. सकाळी ताप होता. माझी ड्युटी बदलून मिळेना. पॅरासिटामॉल पाजलं आणि शाळेत सोडलं, बाईंना काहीच बोलले नाही. दहाच्या सुमारास ताप पुन्हा चढला. शाळेच्या सिस्टरने डोस द्यायच्या आधी फोन केला, "सकाळी काही दिलंय का?" मी म्हणाले, "नाही."

हो, खोटं बोलले. घेऊन जा म्हणतील या भीतीने. फोन ठेवला आणि हिशेब डोक्यात आला. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० चा डोस मी साडेसातला दिलेला. निदान चार तास तरी जायला हवेत, हे मीच वॉर्डात नातेवाइकांना बजावत असते. परत फोन लावला तेव्हा ती झाकणात औषध ओतत होती.

ओपीडीवाले, आपल्याला वाटतं आपल्याला कळतं म्हणून आपण खरं सांगतो. उलट आहे. काय लपवायचं ते आपल्याला नेमकं कळतं.

गुरुजी_निवृत्त
मालवणाकडचो मी, जिल्हा परिषदेचो मास्तर. आमच्या शाळेत सिस्टर नाय आणि डागदर पालक पण नाय. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्याची गाडी येता, दात-डोळे बघता, जाता. विंचू चावलो तर आमी पोराक मोटारसायकलीर मधी बसवतंव आणि सुटतंव. फोन करूक रेंज खंय आसा? तुमचा भांडण वाचून माका हेवो वाटलो, खरा सांगतंय.

ओपीडीवाला
गुरुजी, मान्य. पण आमच्याकडे सिस्टर आहे म्हणून तिने काहीही केलेलं चालवून घ्यायचं, असंही नाही ना?

नाईटड्युटी, लपवण्याचं म्हणाल तर माझ्याकडूनही झालंय. कांजण्यांच्या खपल्या धरायच्या आत धाकटीला परीक्षेला पाठवलं होतं. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून. जाऊ दे.

तरी माझं म्हणणं तेच. प्रवेशाच्या वेळी "तातडीच्या प्रसंगी शाळेचा निर्णय" या कागदावर मी डोळे झाकून सही करीन. बदल्यात फोनवर चार आकडे हवेत. ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन. "बरं वाटत नाहीये" नको. सिस्टर, एक विचारतो, राग मानू नका. त्या डोळेवाल्यांना तुम्ही घाम आणि १४० ची नाडी सांगितली होती का?

सिस्टर_जीएनएम
घाम सांगितला. नाडी सांगेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. पुन्हा लावायला हवा होता, तो मी जीपमधून लावला. एवढं माझ्याकडून राहिलं.

आकडे देईन. थर्मामीटर आहे, ऑक्सिमीटरही आहे, कोविडातला. त्याचे सेल मात्र दर दोन महिन्यांनी मीच बाजारातून आणते, तेवढं पालकसभेत कुणीतरी काढा.