मदत हवी आहे: जर्मन वाचता येतं, बोलताना गाडी अडते

नमस्कार मंडळी. जर्मनची बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा पास झालोय, बातम्या वाचतो, पॉडकास्टही बऱ्यापैकी कळतात. पण समोर माणूस आला की तोंडाला कुलूप! गंमत म्हणजे 'वाइल'नंतर (म्हणजे 'कारण'नंतर) क्रियापद शेवटी टाकणं जड जात नाही, मराठीत आपण तेच करतो. अडतं ते साध्या वाक्यात. 'इश रुफे दिश मॉर्गन आन' (मी तुला उद्या फोन करतो) म्हणताना 'रुफे' दुसऱ्या जागी येतं आणि त्याचाच तुकडा 'आन' पार शेवटी. तिथवर पोचेपर्यंत समोरचा इंग्रजीवर उतरलेला असतो. (सौजन्यच ते, पण वैताग येतो.) फोनवर तर हातवारेही कामाला येत नाहीत.

ऐकता ऐकता मागोमाग बोलायचा सराव, म्हणजे शॅडोइंग, कोणी नेटाने केलाय का? त्याने स्वतःची वाक्यं सुचायला लागतात, की नुसते उच्चार सुधारतात? डेर-डी-डास (नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणारे शब्द) चुकलं तरी रेटून बोलावं का? माझ्या शिक्षकांचंच यावर एकमत नाही. आणि समोरच्याला न दुखावता परत जर्मनवर कसं आणता?

कृपया व्याकरणाची पुस्तकं सुचवू नका, ती घरात भरपूर आहेत. बोलून बोलून जीभ सुटलेल्यांचे अनुभव हवेत.