सोहबेत, सोहबत आणि आपली सोबत

ऐलतीर: मदत हवीय. एका तुर्की मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. शेजारचे आजोबा एका पोराला अंगणात चहाला बोलावतात आणि म्हणतात, 'गेल, बिराझ सोहबेत एदेलिम'. मी लिहिलं, 'ये रे, जरा गप्पा मारू'. तपासणाऱ्यांनी ते कापून 'ये, जरा सोबत कर' केलं, का तर सोहबेत म्हणजे आपली सोबतच. शब्द एकच आहे हे मलाही मान्य, पण तुर्कीत त्याचा अर्थ गप्पा. पुढे त्याच आजोबांबद्दल कुणीतरी म्हणतं, 'मुहब्बेतिने दोयुम ओलमाझ', म्हणजे यांच्याशी कितीही गप्पा मारा, मन भरत नाही. तिथे 'यांच्या प्रेमाला तोड नाही' असं होऊन आलंय. काय सांगू त्यांना?

माळरान: ताई, तुमचंच योग्य आहे. मूळ अरबी धातू स-ह-ब. त्यातून सुहबा म्हणजे संगत, साहिब म्हणजे सोबती, सहाबा म्हणजे पैगंबरांचे सोबती. शब्द फारसीत गेला आणि हळूहळू बोलण्याकडे कलला. आजच्या इराणात 'बा ऊ सोहबत कर्दम' म्हणजे 'मी त्याच्याशी बोललो', फोनवर बोललं तरी सोहबतच. मुसाहेबे म्हणजे मुलाखत, नोकरीची असो नाहीतर पेपरातली. पण फारसी कवी सादीच्या १२५८ सालच्या गुलिस्ताँ या पुस्तकाचा आठवा बाब, म्हणजे प्रकरण, आहे 'दर आदाबे सोहबत', तो 'संभाषणाचे नियम' म्हणून वाचलात तर फसाल, त्यात चार माणसांत कसं वागावं, कुणाची संगत धरावी हे सगळं येतं. म्हणजे अरबीतला जुना अर्थ आपल्या मराठीने जसाच्या तसा ठेवला आणि शेजारी असून इराणने तो बदलला, मला हे फार सुंदर वाटतं.

पेठेतला: सोबत अरबी कशावरून? सह-वत वरून आला असणार. सहवास, सहचर, सगळीकडे 'सह' दिसतोय की. प्रत्येक शब्द बाहेरून आणायची घाई कशाला?

माळरान: दादा, सहवत असा शब्द 'संगत' या अर्थाने संस्कृतात कुठे सापडतो ते दाखवा. उर्दूत सोहबत, मराठीत सोबत, मधला ह गळलेला, अर्थ तोच. अजून काय पाहिजे?

कासवगती: मुहब्बेतचं काय मग? तोही याच धातूचा ना, ह आणि ब दोन्हीत आहेत.

माळरान: नाही, तो ह-ब-ब. हबीब, महबूब, मोहब्बत तिकडचे. गंमत म्हणजे धातू वेगळे असून तुर्कीत दोघेही गप्पांवर येऊन पोचले, 'मुहब्बेत एतमेक' म्हणजे निवांत गप्पा मारणं. त्याच घराण्यातला अहबाब, अरबीत अनेकवचन, 'प्रियजन', तुर्कीत तो अहबाप होऊन एकाच दोस्ताला लागतो.

ऐलतीर: तुर्कीत बजरीगार या छोट्या पोपटाला 'मुहब्बेत कुशू' म्हणतात, कुश म्हणजे पक्षी. त्याचंही 'प्रेमपक्षी' करून येणार बघा.

पेठेतला: मुळात 'गप्पा' तरी कशाला? तोही फारसीच. 'ये, जरा बोलत बसू' लिहा. स्वच्छ मराठी.

डोंगरवाट: अहो, तुर्कांनी हेच करून पाहिलंय. १९२८ ला लिपी बदलली, १९३२ ला भाषामंडळ काढलं, अरबी-फारसी शब्द वेचून वेचून काढले, सोहबेतच्या जागी 'सोयलेशी' पुढे आणला. तो रुजला, पण पुस्तक जत्रेत लेखकाशी जाहीर गप्पांचा कार्यक्रम असतो ना, त्याला. चहा पिताना अजून सोहबेतच. आणि सूफी मठात पीर म्हणजे गुरू आपल्या मुरीदांसमोर, शिष्यांसमोर, बसून बोलतो त्यालाही सोहबेत म्हणतात, नक्शबंदी या सूफी पंथात तर साधनेचाच मोठा भाग. तिथे सोबत आणि बोलणं वेगळं काढताच येत नाही. म्हणून माझ्या मते तपासणारे अगदीच चुकीचे नाहीत.

ऐलतीर: पण अंगणातले आजोबा पीर नाहीत हो! आणि मराठीत 'सोबत कर' म्हटलं की रात्री एकटीला भीती वाटते म्हणून कुणीतरी झोपायला येतं तसं वाटतं. आमची आजी शेजारच्या काकूंना हाक मारून 'आज सोबतीला याल का हो' म्हणायची ते हेच.

कासवगती: पण त्या काकू येऊन बारा वाजेपर्यंत बोलत बसत असणार.

ऐलतीर: बसायच्याच, तरी बोलावणं झोपेसाठी असायचं.

सातूचंपीठ: विषय निघालाच आहे तर, हल्ली सगळे 'माझ्यासोबत ये', 'त्याच्यासोबत बोललो' म्हणतात ते कानाला खटकतं. सोबत हे नाम आहे, त्याचं शब्दयोगी अव्यय कुणी केलं? 'माझ्याबरोबर ये', 'त्याच्याशी बोललो' हे मराठी.

पेठेतला: शंभर टक्के सहमत.

डोंगरवाट: बरोबर म्हणजे फारसी बराबर. तेही काढणार का?

पेठेतला: ते रुळलंय.

माळरान: सोबतही रुळलंय. माधव ज्यूलियनांनी फार्सी-मराठी कोश केला १९२५ ला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. शब्द कुठून आला हे नीट माहीत असूनही माणूस दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. आणि 'माझ्यासोबत' म्हणाल तर अरबीत आजही 'बि-सुहबती' म्हणतात, बि-सुहबती म्हणजे शब्दशः माझ्या सोबतीत. आपण नवीन काही केलेलं नाही.

सातूचंपीठ: अरबीत असेल. 'त्याच्यासोबत बोललो' तरी चूकच. 'शी' प्रत्यय मरतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कासवगती: आमच्या गावाकडे दोन्ही नाही, 'माझ्यासंग चल'. ते तरी चालेल का?

पेठेतला: संग चालेल. संस्कृत आहे.

ऐलतीर: आजोबांचं वाक्य उद्या सकाळी द्यायचंय, कुणीतरी सांगा.

डोंगरवाट: 'त्याच्याशी भांडलो' आणि 'त्याच्यासोबत भांडलो', हे दोन्ही एकच आहेत का? दुसऱ्यात आपण दोघं मिळून तिसऱ्याशी भांडतोय.

सातूचंपीठ: हेच तर मी सांगतेय!