गठ्ठे बंद करून हातच्याची बेरीज शिकवायची?

खडूफळा
कालच्या पोस्टमधलं वाक्य जसंच्या तसं देतो: "दुसरीत काड्या, ठोकळे, मण्यांच्या माळा यांत महिने जातात. हातचा कसा घ्यायचा ते सांगा, पन्नास गणितं घाला, मूल तयार."

तयार म्हणजे काय? 47 + 38 घाला आणि वह्या उघडून बघा. कुणी 715 लिहितं, कारण एककाखाली अख्खे 15 मांडले आणि शेजारी 7. कुणाचं 75, हातचा विसरला. कुणाचं 121, म्हणजे 15 मधला 1 खाली उतरवला आणि 5 वर चढवला. तिघांनाही सात अधिक आठ पाठ आहे. त्या वरच्या 1 चा अर्थ मात्र एकालाही माहीत नाही. तो एक नाही, दहा आहे, आणि हे काडीशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

दहा-दहा काड्यांचे 4 गठ्ठे 7 सुट्या, त्याखाली 3 गठ्ठे 8 सुट्या. सुट्या एकत्र करायच्या, दहा मोजून मुलानेच रबर लावायचं आणि नवा गठ्ठा डावीकडे सरकवायचा. 8 गठ्ठे, 5 सुट्या. रबर लावण्याची ती कृती म्हणजेच हातचा.

मुंगळा
कागदावर छान आहे. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत करून दाखवा. तीस मुलं, जोड्या पंधरा. जोडीला शंभर काड्या धरल्या तर दीड हजार काड्या आणि दीडशे रबरं. तास 35 मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं वाटण्या-गोळा करण्यात. गणितपेटीचं, म्हणजे शाळेतल्या ठोकळे-मण्यांच्या पेटीचं, तर बोलूच नका. एक ठोकळा हरवला की डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, उत्तर द्यावं लागतं, म्हणून पेटी कपाटातून बाहेरच येत नाही.

दुसरं, काड्या हातात आल्या की मूल विचार थांबवतं. 7 आणि 8 ठेवले की एकपासून पंधरापर्यंत मोजत बसतं. याला शिकणं म्हणायचं?

खडूफळा
काड्यांसाठी पेटी लागत नाही. खराट्याचे हीर वीतभर कापा, फुकट मिळतात. तुकडे एकसारख्या लांबीचे हवेत, नाहीतर गठ्ठा सुटतो.

मोजत बसण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण तो दोष काडीचा नाही. आधी दहाची चौकट करून घ्यायची: पाच-पाच घरांच्या दोन ओळी. सातला तीन घरं रिकामी, आठातले तीन तिकडे गेले, उरले पाच. हे आठवडाभर झालं की मोजणं आपोआप सुटतं.

उभी रेघ
दोघांनाही एक सांगायचंय. जिथे गठ्ठे फसतात तिथे बहुतेक वेळा दोन चुका दिसतात. एक, बाईंनी बांधून आणलेले गठ्ठे. मुलाच्या लेखी ती एक जाड काडी होते, त्यात दहा आहेत हे त्याला पटत नाही. दोन, शिक्षक मुलासमोर बसतात. शिक्षकांच्या डावीकडचे गठ्ठे मुलाच्या उजवीकडे येतात आणि मूल 47 ला 74 वाचतं. शेजारी बसा.

हीर
मूल 74 वाचतं ते बसण्यामुळे? आपली भाषाच तसं वाचायला लावते! सत्तेचाळीस: सात आधी, चाळीस नंतर. कानाने ऐकलेल्या क्रमाने मूल 7 गठ्ठे, 4 सुट्या मांडतं. एकोणचाळीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" असं वाचन आलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र तुटून पडला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावत राहिल्या की मुलांना सोपं जावं एवढाच हेतू आहे. ऐकलं कुणी?

मुंगळा
ऐकलं नाही ते बरंच झालं. दुकानदार "चाळीस सात रुपये" म्हणणार आहे का? जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, तिथली मुलं बेरीज शिकतातच ना. आपण आपली संख्यानामं मोडायची नाहीत.

हीर
मोडा कोण म्हणतंय? जुनी नावं त्या पुस्तकातही होतीच. कानडी मूल "इप्पत्तोंदु" म्हणतं, वीस आधी, एक नंतर. त्याला हा अडसर नाही. आपल्या मुलाला आहे, तर निदान गठ्ठे मांडताना तरी "चार दशक सात" म्हणू द्या. एवढ्यानं मराठी बुडते म्हणून ओरडणाऱ्यांनी दुसरीतल्या मुलाला छत्तीस आणि त्रेसष्ट एकापाठोपाठ लिहायला सांगावं, मग बोलावं.

मुंगळा
आवाज चढवू नका. मांडताना "चार दशक सात", लिहून झाल्यावर "सत्तेचाळीस", दोन्ही त्याच तासाला. एवढं असेल तर माझी हरकत नाही. पण फक्त "दशक" म्हणत बसलात तर तिसरीत बाजारभावाचं उदाहरण वाचताना मूल अडेल, आणि ते निस्तरायला तिसरीचे शिक्षक लागतील.

उभी रेघ
मूळ प्रश्न राहिला. काड्या कधी सोडायच्या? पोस्टवाल्यांचा महिन्यांचा वैताग मला समजतो, कारण कित्येक वर्गांत काड्यांचा खेळ वेगळा आणि वहीतलं गणित वेगळं चालतं. रबर लावलं त्याच क्षणी दशकाच्या घरात वर 1 लिहायला लावा, मग पुढची काडी. ते जमलं की चित्र: दशकाला उभी रेघ, एककाला टिंब, दहा टिंबांभोवती वेढा आणि बाणाने डावीकडे नवी रेघ. दहाच्या नोटा त्यानंतर, कारण नोट एकच्या दहापट मोठी दिसत नाही. नुसते अंक सगळ्यात शेवटी.

मुंगळा
चित्राचं मान्य, त्याला वाटणं-गोळा करणं नाही. काड्या चार तास देईन, जास्त नाही.

खडूफळा
चार तासांत ज्याचं 715 गेलं नाही, त्याला पाचवा द्याल ना?

मुंगळा
त्याला देईन. सगळ्या वर्गाला नाही.