ट्रेझरचे गेम : 'इकारुगा'नंतर काय खेळावं?

निळावंती
ट्रेझर कंपनीचा 'इकारुगा' हा विमानातून गोळ्या झाडायचा गेम स्टीमवर (कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून) घेतला. तिसऱ्या स्टेजला डोकं भणाणतं, पण सोडवतही नाही. ट्रेझरचे जुने गेम आता खेळायचे आहेत. सालवार जाऊ की निवडून? आणि एवढ्याशा कंपनीचं नाव लोक इतक्या आदराने का घेतात?

खडूफळा
सालवार नको. मधे दुसऱ्यांच्या नावांच्या परवान्यावर केलेली कामंही आहेत. अगदी मॅकडोनाल्ड्सचा गेमसुद्धा. 'गनस्टार हीरोज'पासून (१९९३, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर) सुरू कर आणि शक्यतो जोडीने खेळ.

१९९२मध्ये कोनामी या मोठ्या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी ट्रेझर काढली, मासातो माएगावा अध्यक्ष. मनातलं करून पाहायला मिळावं म्हणून निघालेली माणसं 'गनस्टार'च्या प्रत्येक स्टेजमध्ये दिसतात. शस्त्रं चारच, पण कुठलीही दोन जोडता येतात. चेसर आणि लाइटनिंग एकत्र केलं की किरण वळणं घेत शत्रूला स्वतःच गाठतो. मारा कमी, पण नेम धरायची कटकट नाही, त्यामुळे तुझं सगळं लक्ष अंग वाचवण्यावर. दुसऱ्याने फायर घेऊन जवळ जाऊन भाजून काढायचं. एक स्टेज तर अख्खी सोंगट्यांचा पट आहे : फासा टाकायचा, ज्या घरात पडाल तिथल्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, लढायचं. दुसऱ्या कुणी एवढ्या कल्पनेवर वेगळा गेम काढला असता. इथे ती एका स्टेजपुरती, की पुढे चला! म्हणून मला हे लोक फार आवडतात.

'एलियन सोल्जर' नंतर. तो जवळजवळ नुसत्या बॉसचाच आहे, घाई केलीस तर विटशील.

सांजदिवा
'इकारुगा'सारखा शूटर (गोळीबाराचा गेम) आवडला असेल तर थेट 'रेडियंट सिल्व्हरगन' घे. १९९८चा, दिग्दर्शक 'इकारुगा'चेच हिरोशी इउची. सातही शस्त्रं पहिल्या सेकंदापासून हातात, वाटेत उचलायचं काहीच नाही. त्यातली तलवार गुलाबी गोळ्या गिळते. 'इकारुगा'त विमानाचा रंग काळा-पांढरा बदलायचा आणि आपल्याच रंगाच्या गोळ्या गिळायच्या, त्या रंगाच्या खेळाचं बी मला तिथेच दिसतं. पूर्वी सेगाच्या सॅटर्न कन्सोलची जपानी डिस्क शोधत बसावं लागे, आता निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आणि स्टीमवर मिळतो.

खडूफळा
सिल्व्हरगन थोर आहेच, पण लांबलचक आहे आणि शस्त्रांची ताकद गुणांवर वाढते. गुण कसे जमतात हे कळायच्या आत नवा माणूस अर्ध्या वाटेत दुबळा पडतो. 'इकारुगा' पाच स्टेजचा, त्याच्यात शिकणं लवकर होतं.

निळावंती, तिसऱ्या स्टेजबद्दल : तू बहुतेक शत्रूला सतत त्याच्या विरुद्ध रंगाने मारते आहेस. त्याने दुप्पट इजा होते हे खरं. पण नॉर्मल या काठिण्यपातळीवर समरंगी, म्हणजे तुझ्याच रंगाचा, शत्रू मरताना गोळ्या सोडतो, त्या गिळून तुझी ऊर्जा भरते. गर्दीत समरंगी राहा, मोठं धूड आलं की रंग बदल. गुणांचा विचार आत्ता नको; एकाच रंगाचे तीन-तीन मारत साखळी लावणं पुढचं काम. एकही गोळी न झाडता हा गेम पूर्ण करणारे लोक आहेत, इतकी त्याची बांधणी पक्की आहे.

निळावंती
समरंगीचं डोक्यातच आलं नव्हतं. आज तेच करून बघते. 'गनस्टार'साठी बहिणीला तयार केलंय, फायर तिला.

सांजदिवा
मग 'सिन अँड पनिशमेंट'ही यादीत टाक. २०००मध्ये निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर फक्त जपानात आला होता, तरी पात्रं इंग्रजीत बोलतात.